वसुलीवाल्याला पंचवीस टक्के द्यायच्या आधी

प्रश्न : नमस्कार सर, उद्यमबागेत माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी आणि एक जुना लेथ. गोकुळ शिरगावातल्या एका पार्टीला टर्निंगची कामं करून दिली, त्याचे ३ लाख ८० हजार अडकलेत. पहिल्या बिलाला २ वर्षं ८ महिने झाले. हेलपाटे मारून दमलो, कोगनोळीच्या टोलातच पैसे चाललेत. आता एक वसुली एजन्सी म्हणते १० हजार आधी द्या आणि येतील त्यातले २५ टक्के. चेक काही घेतलेला नाही, बिलं आणि चलनं तेवढी आहेत, त्यावर पण सही गेटवरच्या वॉचमनची. छोट्या उद्योगांची सरकारी 'उद्यम' नोंदणी २०२१ ची आहे. काम देऊ का एजन्सीला?
– एक वाचक, बेळगाव

उत्तर : देऊ नका, निदान आत्ता तरी. एजन्सी करणार काय ते बघा की, चार फोन करणार, एक नोटीस टाइप करून पाठवणार, फार तर माणूस नेऊन ऑफिसात बसवणार. माल उचलायचा, खातं गोठवायचं असला कसलाच अधिकार तिला नाही, तो कोर्टाचा. म्हणजे तुम्ही अडीच वर्षं फुकट केलं तेच ती ९५ हजार घेऊन करणार, वर ते १० हजार वेगळेच. आणि तिच्या माणसानं तिकडं दमदाटी केली तर तक्रारीत तुमचंही नाव येऊ शकतं, कारण पाठवलं कुणी, तर तुम्ही.

तुमची खरी घाई दुसरीच आहे. अशा थकलेल्या पैशांसाठी कोर्टात दावा लावायची मुदत ३ वर्षं, आणि प्रत्येक बिलाची वेगळी मोजायची. पहिल्या बिलाचे चारच महिने उरलेत, उधारीची मुदत ठरली असेल तर थोडे जास्त. एजन्सीवाला 'करतो, करतो' म्हणत सहा महिने काढेल आणि ते बिल गेलं. म्हणून या आठवड्यात एकच करा, बॅलन्स कन्फर्मेशनचं पत्र घेऊन जा, 'आपल्याकडून एवढे येणे आहे' असं, बिल नंबरासकट, आणि त्यावर मालकाची सही-शिक्का घ्या, अकाउंटंटची नको. मुदतीच्या आत अशी लेखी कबुली मिळाली की ३ वर्षं नव्यानं सुरू होतात. सही देईना तर ५ हजाराचा का असेना पण त्याच्या सहीचा चेक बिलापोटी मागा, मुदतीतल्या अशा पेमेंटनंही तेच होतं. तो चेक परत आला तर बँकेचा मेमो (चेक का परत आला ती चिठ्ठी) मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची, हे विसरू नका.

वॉचमनच्या सहीची एवढी काळजी करू नका. तुमची बिलं जीएसटीत भरलेली आहेत ना? त्या पार्टीनं त्यावर इनपुट क्रेडिट (तुमच्या बिलातल्या जीएसटीची आपल्या करातून वजावट) घेतलं असेल तर 'काम मिळालंच नाही' हे कुठल्या तोंडानं म्हणणार? शिवाय १८० दिवसांत बिलाचे पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासकट परत भरावं लागतं. पत्रात ही एक ओळ नक्की घाला, त्यांचा सीए ती दोनदा वाचेल.

आणि खरी किल्ली तुमच्याच खिशात आहे, ती म्हणजे उद्यम नोंदणी. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या कायद्यानं खरेदीदारानं जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या पैशांचे असले वाद सोडवणारं याच कायद्यातलं सरकारी मंडळ) ऑनलाइन करायची, आणि आपल्या सीमाभागातल्या माणसासाठी यात सोन्यासारखी गोष्ट म्हणजे पार्टी महाराष्ट्रात असली तरी माल देणारा जिथला तिथलीच कौन्सिल चालते, म्हणजे तुम्हाला कर्नाटकातली. कोल्हापूरच्या तारखांना पळायला नको. निकाल तुमच्या बाजूनं लागला तर त्याला आव्हान द्यायला पार्टीला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. वेळ लागतो, कायद्यात ९० दिवस लिहिलेत ते कागदावरचे समजा. अर्ज कसा भरायचा ते जिल्हा उद्योग केंद्रात विचारा. (नुसते ट्रेडर, म्हणजे माल घेऊन विकणारे असता, तर हा रस्ता बंद होता.)

एजन्सी कुणाला परवडते? ज्याची दोन-दोन हजाराची दोनशे गिऱ्हाइकं थकलीत त्याला. तेव्हाही आधी पैसे देऊ नका, आणि वसुलीचा पैसा थेट तुमच्याच खात्यात येईल असं लिहून घ्या.

प्रश्न : आमच्या गटातल्या एका बाईचा मायक्रोफायनान्सचा हप्ता थकला, तर वसुलीवाला रात्री आठला दारात येऊन ओरडतो. हे चालतं का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नाही चालत. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं अशा कर्जासाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोनसुद्धा करायचा नाही, ओरडणं तर लांबच. कर्नाटकात २०२५ पासून वेगळा कायदाही झालाय, जबरदस्तीच्या वसुलीला १० वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. त्या बाईंना सांगा, पुढच्या वेळी मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि तारीख-वेळ लिहून ठाणं गाठा. कर्ज मात्र फिटत नाही हं यानं, हप्ते पुन्हा बांधून द्या असा अर्ज कंपनीला त्याच दिवशी द्यायचा, पोच घेऊन.