टाळूची प्लेट नीट बसली आहे की नाही, हे घरी कसं कळतं?

वडिलांचा वरचा जबडा काढल्यावर तोंड आणि नाक यांच्यामधलं भोक बुजवायला बसवलेली प्लेट डॉक्टर 'छान बसली' म्हणतात, पण पाणी तर नाकातून येतंय, मग खरं काय, असं तुम्ही विचारलंय. मी डॉक्टर नाही. आम्ही इंदूरचे, 2021 मध्ये काळ्या बुरशीपायी आमच्या बाबांचा उजवा वरचा जबडा गेला, त्या अनुभवावरून सांगते.

घरच्यांच्या कानावर अजिबात विसंबू नका. महिन्याभरात आम्हाला बाबांचं सगळं बोलणं कळायला लागलं होतं. मग त्यांनी ग्वाल्हेरच्या आत्याला फोन केला, "बापूला पाठव." ती मला विचारते, "अगं, हा मामूला कशाला बोलावतोय?"

प, ब, ट, ड म्हणताना हवा तोंडात दाबून धरावी लागते. फट राहिली की ती नाकात पळते आणि ब चा म होतो. थंड स्टीलचा चमचा नाकाखाली धरून त्यांना 'पापा, बाबा' म्हणायला सांगा. वाफ धरली तर गळती आहे. (शब्द संपताच चमचा काढा, नाहीतर श्वासाचीच वाफ धरते. मी आधी तीच चूक केली.) उलट 'मामा'चं 'बाबा' ऐकू आलं, तर प्लेटचा वरचा फुगीर भाग, बल्ब म्हणतात तो, जरा जास्तच भरलाय.

गिळणं बघायचं ते ताठ बसवून: आधी पाण्याचे छोटे घोट, मग दही, मग पोहे. ठसका लागला तर थांबा आणि डॉक्टरांना लगेच कळवा. बाबांनी हट्टाने जिरावण (आमचा इंदुरी मसाला) घातलेले पोहे खाल्ले आणि शिंकत सुटले. प्लेट काढली तर नाकाकडच्या बाजूला, मागच्या कडेला पिवळी रेघ! ती तशीच न धुता दाखवली. डॉक्टरांनी नेमकी तिथेच भर घातली. मऊ टाळूपाशी हे बरेचदा होतं, कारण तो भाग हलता असतो. तिथलं माप गिळायला, बोलायला, मान वळवायला लावूनच घ्यावं लागतं.

डॉक्टरांकडे 'ऑब्ट्युरेटर फंक्शनिंग स्केल' नावाची प्रश्नावली मागा (ऑब्ट्युरेटर म्हणजे हीच प्लेट). तिच्यात फोनवर बोलायला अडचण येते का, असाही प्रश्न आहे.

आणि पहिली प्लेट कायमची नसते. जखम आक्रसते, म्हणून पक्की प्लेट साधारण 3 ते 6 महिन्यांनी करतात. रेडिएशन झालं असेल तर आणखी उशिरा. तेव्हा बल्ब पोकळ करून मागा, वजन कमी होतं.

आत्याला 'बापू' ऐकू आलं तोवर आमची प्लेट चार वेळा दुरुस्त झाली होती.