डिझेल गाडीचा ईजीआर व्हॉल्व्ह बंद केला तर चालेल का? काजळीने सारखा जाम होतो.

बंद करू नका, साफ करा.

हा व्हॉल्व्ह जळालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडतो. त्यामुळे आत ऑक्सिजन कमी पडतो, ज्वलनाचं कमाल तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी तयार होतात. हेच वायू दम्याच्या रुग्णांना आणि लहान मुलांना छळतात, म्हणून मला हा प्रश्न फक्त गाडीपुरता वाटत नाही. शिवाय अनेक देशांत असा बदल बेकायदा आहे.

‘पिकअप वाढतो’ या सांगण्यावर जाऊ नका. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर व्हॉल्व्ह तसाही जवळपास बंदच असतो. जो फरक जाणवतो तो बहुतेक वेळा अर्धवट उघडा अडकलेला व्हॉल्व्ह बंद झाल्याचा असतो, आणि तो साफसफाईनेही मिळतो. पत्र्याची प्लेट लावून वाट अडवली, तर ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) अपेक्षित प्रवाह दिसत नाही. मग पी०४०१ कोड (ईजीआरचा प्रवाह अपुरा असल्याची नोंद), चेक इंजिन दिवा आणि काही गाड्यांत थेट लिंप मोड, म्हणजे गाडी मुद्दाम कमी ताकदीवर चालते.

व्हॉल्व्ह काढून ईजीआर क्लीनर आणि मऊ ब्रशने घासा, मात्र मोटरच्या भागात द्रव जाऊ देऊ नका. इनटेक मॅनिफोल्डही (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्या) बघा, तिथे काजळी आणि तेलाची वाफ मिळून घट्ट थर बसतो. तरीही लवकर जाम झाला तर गळका इंजेक्टर, टर्बोचं तेल किंवा इंजिन नीट गरम न होता सतत छोट्या अंतराचं ड्रायव्हिंग, यांतलं कारण शोधा. कूलंट विनाकारण कमी होत असेल तर ईजीआर कूलर (परत येणारा वायू कूलंटने थंड करणारा भाग) आधी तपासा.