डॉक्टरांवरच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांमुळे देशाचा आरोग्यखर्च वाढतो का?

तुम्ही विचारलंय, अमेरिकेतला आरोग्यखर्च डॉक्टरांवरच्या दाव्यांमुळे वाढला का, आणि आपल्याकडेही तेच होणार का. मी सांगलीत वकील आहे. ग्राहक आयोगात अशी प्रकरणं रुग्णांकडूनही चालवली आणि डॉक्टरांकडूनही. खर्च वाढतो, पण लोक समजतात तेवढा नाही.

अमेरिकेच्या २००८ सालच्या खर्चाचा अभ्यासकांनी काढलेला अंदाज बघा. दाव्यांपायी एकूण सुमारे ५,५६० कोटी डॉलर, म्हणजे आरोग्यखर्चाच्या २.४ टक्के. त्यात रुग्णांना मिळालेली भरपाई जेमतेम ५७० कोटी. तब्बल ४,५६० कोटी गेले ते दाव्याच्या धास्तीनं केलेल्या जादा तपासण्या-उपचारांवर. टेक्सासनं २००३ मध्ये मनस्तापापोटीच्या भरपाईला मर्यादा घातली, दावेही घटले. मेडिकेअरचा, म्हणजे तिथल्या ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, खर्च मात्र उतरला नाही.

आपल्याकडे १९९५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानं डॉक्टर ग्राहक कायद्याखाली आले. २०१३ मध्ये, उपचारातल्या हलगर्जीपणानं पत्नी गेल्याबद्दल कुणाल साहा यांनी लढवलेल्या प्रकरणात, सुमारे सहा कोटींची भरपाई मंजूर झाली आणि तेव्हापासून तो आकडा प्रत्येक डॉक्टरच्या तोंडी आहे. माझे एक डॉक्टर पक्षकार सरळ सांगतात, "डोकेदुखीचा पेशंट आला की सीटी लिहूनच टाकतो. उद्या तुम्हीच विचाराल, का नाही केला?"

त्यांची धास्ती खरी आहे, उपाय चुकीचा आहे. मी पाहिलेल्या प्रकरणांत डॉक्टर अडकले ते तपासणी कमी पडली म्हणून क्वचितच. केसपेपरवर नोंद नाही, संमतीपत्र कोरंच, नातेवाइकांशी कुणी धड बोललेलं नाही, यात अडकले. आणि जादा सीटीमागे दरवेळी धास्तीच असते असंही नाही. काही ठिकाणी कमिशनचा कटही असतो. कायदा बदलून तो थांबणार नाही.

न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून चूक कुणाची हे सिद्ध न करता अपघात निधीतून भरपाई मिळते. मला ही पद्धत मनापासून पटते. पण तो निधी सगळ्यांच्या वर्गणीतून आणि करातून उभा राहतो. आपल्याकडे आरोग्यखर्चाचा मोठा भाग अजून लोकांच्या खिशातूनच जातो. जत-आटपाडीहून मिरजेला आलेला माणूस गरज नसलेल्या सीटीचे पैसे काउंटरवर रोख भरतो, आणि पुढे खरंच हलगर्जीपणा झाला तर वकिलाची फीही त्यालाच जुळवावी लागते.