वरातीतली पिपाणी

‘मुलगा १९ वर्षांचा. इथे न्यू जर्सीत इंजिनिअरिंग सोडून जॅझ सॅक्सोफोन वाजवायचं म्हणतो. धरमपेठेतले सासरे फोनवर म्हणाले, “इतकं शिकून पोरगा वरातीत पिपाणी वाजवणार काय बाप्पा?” मे महिन्यात नागपूरला येतोय. आबांना काय सांगू?’

ताई, आबा टोमणा मारायला गेले आणि खरं बोलून बसले. जॅझमधला थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन १९४६ साली नौदलातून सुटून फिलाडेल्फियाला परतला. पुढे पोटासाठी बारमध्ये काउंटरवर चढून, गिऱ्हाइकांच्या ग्लासांमधून चालत सॅक्सोफोन वाजवायची वेळही त्याच्यावर आली. वरातच ती, फक्त घोडा नाही. ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीच्या बँडमध्येही तो इतरांसोबत रांगेत बसला. १९५५ मध्ये नावाजलेल्या ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने आपल्या बँडमध्ये घेतलं तेव्हा तो २९ वर्षांचा होता, आणि १९५७ मध्ये हेरॉइनपायी त्यानेच काढून टाकलं. त्याच वर्षी व्यसन सोडून तो पियानोवादक थेलोनियस मंकसोबत वाजवायला लागला, तिथून खरं नाव झालं.

म्हणून मुलाला ‘कमावशील किती’ हे आज विचारू नका. पुढच्या वर्षी कोणाच्या बँडमध्ये बसणार आणि खोलीचं भाडं कुठून देणार, हे विचारा. कॉलेजातून नाव काढण्याआधी वर्षभराची रजा मिळते का बघा. तो तुमच्या घरातल्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून, म्हणजे एच-४ व्हिसावर असेल तर २१ व्या वर्षी तो आधार संपतो, हे त्याला आत्ताच माहीत असू द्या.

आता मे महिना. सॅक्सोफोनच्या तोंडाशी बसवतात ती रीड म्हणजे बोरूसारख्या गवताच्या नळीची पातळ पट्टी. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात तिचं टोक लाटेसारखं वाकतं आणि सूर किंचाळतो. वाजवण्याआधी वाटीभर पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवायची. वाद्य कूलरच्या झोतात ठेवू नका, कळांखालच्या चामड्याच्या गाद्या ओलीने फुगतात. दुपारी दोन ते चार आबांची झोप, त्या वेळात नुसती बोटं फिरवायची. एरवी कपड्यांचं कपाट उघडून त्यात तोंड करून वाजवलं की आवाज बराच गिळला जातो. (आमच्या घरी हे शालूंच्या कपाटासमोर चालायचं. आई वैतागायची.)

लग्नसराई असेलच. वरात दिसली की पोराला क्लॅरिनेटवाल्याच्या बाजूने चौकापर्यंत चालू द्या. चालता चालता, त्या गर्दीत आणि उकाड्यात तो माणूस दम कुठे घेतो, ते बघू द्या. आबांनाही सोबत न्या.