एकरंगी काळा कमांडर डेक बांधताना सुरुवात कुठून करावी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळातील कमांडर हा प्रकार आपण आजवर दोन रंगांच्या तयार डेकने, म्हणजे कार्डांच्या संचाने, खेळत आला आहात, आता केवळ काळ्या रंगाचा डेक स्वतः बांधायचा आहे, परंतु सोबत खेळणाऱ्यांच्या मते एकरंगी डेक मुळातच लंगडा असतो, तेव्हा बांधणीची सुरुवात कुठून करावी आणि त्यांचे म्हणणे कितपत खरे आहे? मी स्वतः अनेक वर्षे मुख्यत्वे एकरंगी काळा डेकच खेळतो आणि तो तीन वेळा मोडून पुन्हा बांधला आहे. त्या अनुभवावरून सांगतो की सुरुवात कमांडरपासून, म्हणजे डेकच्या म्होरक्या कार्डापासून, न करता लँडपासून करावी, म्हणजे इतर कार्डे खेळण्यासाठी मोजावा लागणारा ‘माना’ देणाऱ्या कार्डांपासून. लंगडेपणाबद्दल म्हणाल, तर आपले मित्र अर्धे बरोबर आहेत, आणि त्या अर्ध्या भागाकडे मी पुढे येतोच.

नियम आपल्याला ठाऊक आहेतच : कमांडर धरून शंभर कार्डे, बेसिक लँड वगळता कोणतेही कार्ड एकापेक्षा जास्त नाही, आणि प्रत्येक कार्डावरील रंगाची चिन्हे कमांडरच्या रंगांत बसली पाहिजेत. दोन किंवा तीन रंगांचा डेक बांधणाऱ्याच्या लँडच्या बऱ्याचशा जागा योग्य रंगाचा माना योग्य वेळी मिळावा एवढ्यासाठीच खर्ची पडतात. आपल्याला तो खर्च नाही. इतर चार रंगांकडचे सगळे उपाय सोडून देण्याच्या बदल्यात एकरंगी डेकला मिळणारी सर्वांत मोठी सवलत हीच आहे, आणि म्हणून ती कुठे वापरायची हे आधी ठरवावे लागते.

माझ्या पहिल्या डेकमध्ये मी ती उधळली. रंगाची चिंता नाही म्हटल्यावर जी जी उपयुक्त लँड दिसेल ती मी भरत गेलो आणि अशा चौदा लँड झाल्या, ज्यांतील बहुतेक रंगहीन माना देणाऱ्या होत्या. एका डावात पहिल्याच हातात एक स्वॉम्प (काळा माना देणारी बेसिक, म्हणजे साधी लँड), कॅबल कॉफर्स, निक्थोस आणि वॉर रूम अशा चार लँड आल्या, सोबत फायरेक्सियन अरीना आणि साइन इन ब्लड होते, आणि चार लँडचा हात पाहून मी आनंदाने तो ठेवला. तिसऱ्या टर्नला माझ्यापुढे एक काळा आणि दोन रंगहीन माना होते, तर हातातील दोन्ही कार्डांना प्रत्येकी दोन काळे माना हवे होते. दुसरा स्वॉम्प पाचव्या टर्नला आला. एकाच रंगाचा डेक खेळत असताना रंगाअभावी अडकून बसण्याची ही करामत मी स्वतःच साधली होती.

तेव्हापासून मी स्वॉम्पकडे भरतीचा माल म्हणून पाहत नाही. कॅबल कॉफर्सचेच उदाहरण घ्या, कारण काळ्या डेकचे अर्धे अर्थकारण या एका लँडभोवती फिरते. दोन माना देऊन ती टॅप केली, म्हणजे वापरल्याची खूण म्हणून आडवी केली, की आपल्या ताब्यातील प्रत्येक स्वॉम्पमागे एक काळा माना मिळतो. एरवी ती स्वतः काहीच देत नाही. आपल्यापुढे तीन स्वॉम्प आणि कॉफर्स असतील, तर दोन स्वॉम्प टॅप करून तीन माना मिळतात आणि एक स्वॉम्प शिल्लक राहतो, म्हणजे एकूण चार. हे तर चार साध्या स्वॉम्पनीही दिले असते. चार स्वॉम्प असतील तर पाचऐवजी सहा माना मिळतात, सहा असतील तर सातऐवजी दहा आणि आठ असतील तर नवाऐवजी चौदा. तिसऱ्या स्वॉम्पपर्यंत ही लँड ओझे आहे, आणि चौथ्यापासून पुढे प्रत्येक स्वॉम्प दोन लँडचे काम करतो. कॉफर्स मिळत नसेल तर कॅबल स्ट्राँगहोल्ड घ्यावी. तिला तीन माना द्यावे लागतात आणि ती फक्त बेसिक स्वॉम्पच मोजते, त्यामुळे तिचा फायदा पाचव्या स्वॉम्पपासून सुरू होतो, मात्र तोवर ती निदान एक रंगहीन माना तरी देत राहते. दोन्ही बाबतींत, डेकमध्ये घातलेली प्रत्येक हौशी लँड एका स्वॉम्पची जागा खाते.

अर्बोर्ग, टूम ऑफ यॉगमॉथ ही लँड हा तिढा सोडवते, कारण ती पटावर असताना सर्वच लँड स्वॉम्पही ठरतात आणि कॉफर्स स्वतःलासुद्धा मोजू लागते. पण ती डेकमध्ये एकच आहे. सातव्या टर्नपर्यंत सुरुवातीचा हात धरून आपण चौदा कार्डे पाहतो, त्यामुळे कमांडर सोडून उरलेल्या ९९ कार्डांतून एखादे विशिष्ट कार्ड तोवर हाती येण्याची शक्यता सुमारे १४ टक्के असते. एक्स्पेडिशन मॅपसारखे कोणतीही लँड शोधून देणारे रंगहीन कार्ड ठेवल्यास ती वाढते, तरीही अर्बोर्ग येईलच असे धरून लँड निवडू नयेत. (ती प्रतिस्पर्ध्यांच्या लँडनाही स्वॉम्प करते, हे दुसऱ्या काळ्या डेकसमोर बसताना विसरू नये; मी एकदा विसरलो आणि माझ्या अर्बोर्गवर समोरच्याची कॉफर्स माझ्या आधी फुलली.)

माझा आजचा हिशोब ३७ लँडचा आहे. त्यांत २९ स्वॉम्प आहेत आणि उरलेल्या आठांत अर्बोर्ग, कॅसल लॉक्थवेन व बोजुका बॉग या तीन काळा माना देणाऱ्या, तर कॉफर्स, निक्थोस, मिरियड लँडस्केप, वॉर रूम आणि फील्ड ऑफ रुइन या काळा माना सहज न देणाऱ्या पाच आहेत. पाचाच्या वर मी जात नाही. यांतील दोन लँडबद्दल मुद्दाम सांगतो, कारण त्या एकरंगी डेकला विशेष मानवतात. मिरियड लँडस्केप एकाच प्रकारच्या दोन बेसिक लँड शोधून आणते, आणि आपल्या डेकमध्ये दुसरा प्रकारच नसल्याने ती अट आपल्याला अट वाटतच नाही. वॉर रूम तीन माना आणि कमांडरच्या रंगांइतके आयुष्य घेऊन एक कार्ड देते. पाच रंगांच्या डेकला त्यासाठी पाच आयुष्य मोजावे लागते, आपल्याला एक.

लँड ठरल्या की कमांडर निवडणे सोपे जाते, कारण मग प्रश्न एवढाच उरतो की उशिरा येणाऱ्या या भरपूर काळ्या मानाचे करायचे काय. माझे उत्तर एरेबॉस, गॉड ऑफ द डेड हे आहे. चार मानाचा हा देव नष्ट होत नाही, प्रतिस्पर्ध्यांना आयुष्य वाढवू देत नाही आणि दोन माना व दोन आयुष्य घेऊन एक कार्ड देतो, तेही एका टर्नमध्ये हवे तितक्या वेळा. चाळीस आयुष्याने सुरू होणाऱ्या खेळात ही देवघेव फार स्वस्त आहे, आणि मुख्य म्हणजे ती कमांडरवरच लिहिलेली असल्याने शोधावी लागत नाही. याहून आकर्षक काळे कमांडर पुष्कळ आहेत, पण ज्याच्यात जादा माना ओतता येत नाही असा कमांडर कॉफर्सच्या डेकला निवडणे म्हणजे धरण बांधून कालवा न खणणे होय.

एरेबॉसभोवतीची कार्डे निवडताना मानाच्या किमतीतील काळी चिन्हे मोजावीत, ज्याला खेळात डिव्होशन म्हणतात. एरेबॉसचे एक चिन्ह, फायरेक्सियन अरीनाची दोन आणि त्यांवर ग्रे मर्चंट ऑफ ॲस्फोडेल उतरला की त्याची दोन, अशी पाच होतात. त्या क्षणी चौघांच्या डावातील तिन्ही प्रतिस्पर्धी प्रत्येकी पाच आयुष्य गमावतात, आपले पंधरा वाढते, आणि पाच चिन्हे पूर्ण झाल्यामुळे एरेबॉस क्रीचर, म्हणजे लढू शकणारे कार्ड, होऊन ५/७ या ताकदीने (मारा पाच, सहनशक्ती सात) उभा राहतो. एरवी तो केवळ एन्चांटमेंट, म्हणजे पटावर टिकून राहणारी जादू, असतो, आणि समोर पांढरा रंग असेल तर मी कधी कधी डिव्होशन मुद्दाम चारवर रोखून धरतो, कारण क्रीचर नसलेल्या एरेबॉसला क्रीचर हद्दपार करणारी कार्डे हात लावू शकत नाहीत.

आता मित्रांच्या अर्ध्या खऱ्या म्हणण्याकडे येतो. प्रत्येक रंगाला काही गोष्टी येत नाहीत : लाल रंगाला एन्चांटमेंटपुढे जवळजवळ काही सुचत नाही, हिरवा क्रीचर मारण्यासाठी स्वतःचे क्रीचर झुंजवतो, निळा बऱ्याच वेळा नष्ट न करता परत हातात पाठवतो, आणि पांढऱ्याची कार्डे ओढण्याची रड अलीकडेच कुठे कमी झाली आहे. काळ्याला क्रीचर मारणे हातखंडा असले तरी आर्टिफॅक्ट, म्हणजे वस्तूंची कार्डे, त्याच्या आवाक्याबाहेर असतात आणि एन्चांटमेंटही फार काळ होत्या. माझा दुसरा डेक ग्रेव्हयार्डमधून, म्हणजे वापरून झालेल्या व नष्ट झालेल्या कार्डांच्या ढिगातून, क्रीचर परत आणण्यावर उभा होता. त्यात एकदा समोरच्या पांढऱ्या डेकने दुसऱ्याच टर्नला रेस्ट इन पीस ही एन्चांटमेंट मांडली, जी सगळी ग्रेव्हयार्ड रिकामी करते आणि पुढेही तिथे काही पडू देत नाही. माझ्या हातात परत आणण्याची तीन कार्डे होती आणि डेकच्या सगळ्या ९९ कार्डांत त्या एन्चांटमेंटला स्पर्श करू शकणारे एकही कार्ड नव्हते. तासभर मी पाहुण्यासारखा बसून होतो.

दोष काळ्या रंगाचा नव्हता, माझ्या यादीचा होता. २०२०च्या झेंडिकार रायझिंग संचातील फीड द स्वॉर्म हे दोन मानाचे कार्ड प्रतिस्पर्ध्याचे क्रीचर किंवा एन्चांटमेंट नष्ट करते आणि त्याच्या किमतीइतके आयुष्य आपल्याकडून घेते; ते प्रत्येक काळ्या डेकमध्ये असावे. उरलेली उणीव रंगहीन कार्डांनी भरावी लागते, आणि तिथे उशिराचा भरपूर माना पुन्हा कामी येतो. स्पाइन ऑफ इश साह आणि मेटिऑर गोलेम ही सात मानाची कार्डे इतरांना जड वाटतात, कॉफर्स चालू असलेल्याला वाटत नाहीत. नेव्हिनिराल्स डिस्क तर १९९३च्या पहिल्या संचापासून खेळात आहे : ती टॅप होऊनच पटावर येते, म्हणजे सर्वांना एक फेरी आधी सूचना मिळते, पण नंतर सर्व आर्टिफॅक्ट, क्रीचर आणि एन्चांटमेंट एकत्र साफ करते. आपली अरीना त्यात जाते, याचे वाईट वाटते खरे. एरेबॉस मात्र नष्ट होत नसल्याने जागचा हलत नाही, आणि साफ झालेल्या पटावर कार्डे ओढत राहणारे आपण एकटे उरतो.

अशी कार्डे किती ठेवावीत, हे अंदाजाने न ठरवता मोजून ठरवावे. एका कामाची चार कार्डे डेकमध्ये असतील, तर सातव्या टर्नपर्यंत त्यांतील किमान एक दिसण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के असते, सहा असतील तर ६१ आणि दहा असतील तर ८०. यात एरेबॉसने दिलेली जादा कार्डे धरलेली नाहीत, म्हणून आर्टिफॅक्ट व एन्चांटमेंटवरचे उपाय मी सहा ठेवतो, तर सुरुवातीला माना वाढवणारी सोल रिंग, आर्केन सिग्नेट, माइंड स्टोन, चारकोल डायमंड यांसारखी कार्डे दहा ठेवतो, कारण काळा रंग हिरव्यासारखा लँड शोधून पटावर आणत नाही. थ्रान डायनामोसारखे तीन रंगहीन माना देणारे कार्ड एकच पुरे. एरेबॉसला प्रत्येक कार्डामागे एक तरी काळा माना हवाच असतो.

यादी तयार झाली की कोणाशी खेळण्याआधी एकट्याने वीस वेळा सात कार्डे ओढून पाहावीत आणि प्रत्येक हाताबद्दल एकच प्रश्न विचारावा : तिसऱ्या टर्नला माझ्याकडे दोन काळे माना असतील का? वीसपैकी चार-पाच वेळा उत्तर केवळ रंगहीन लँडमुळे नाही असे आले, तर त्या पाच लँडपैकी एक काढून तिच्या जागी स्वॉम्प घालावा. माझ्याकडे या चाचणीत फील्ड ऑफ रुइन दोनदा बाहेर गेली आणि दोनदा परत आली, आणि सध्या ती आत आहे.