आजीला आवडायचं का? मनूला पत्र

मनू,

तू हे फॅमिली ग्रुपवर न विचारता मला वेगळा मेसेज केलास ते बरं केलंस, नाहीतर सुमामावशी तिथेच दोन-चार व्हॉइस मेसेज टाकून मोकळी झाली असती. मी बाळाचं टोपडं आणि नानकटाईचा फोटो टाकला त्यावर तुझं म्हणणं असं की "आई, मस्त झालंय, पण खरं सांग, आजीला हे सगळं आवडायचं का की करावंच लागायचं? आणि मला पण हे यायलाच पाहिजे का?" दुसरा प्रश्न जरा लागला. जराच. पण पहिल्याने जास्त त्रास दिला, कारण मी पटकन "अगं आवडायचंच की" असं टाइप केलं आणि मग पुसून टाकलं. मला कुठून माहीत? मी तिला कधी विचारलंच नाही, आमच्याकडे आईला असं काही विचारायची पद्धतच नव्हती.

म्हणून हे लांबलचक लिहितेय. वेळ आहे. कॅनडातल्या आपल्या एडमंटनचा डिसेंबर तुला माहितीच आहे, पावणेनऊला उजाडतं आणि सव्वाचारला दिवस संपतो, हॅलिफॅक्सला तुम्हाला निदान थोडा जास्त उजेड मिळतो. नोकरी होती तेव्हा हा अंधार गाडीतूनच बघायचे, आता खिडकीतून बघते. बाबा सकाळी ड्राइव्ह-वेवरचा बर्फ काढतात, मग त्यांचं शब्दकोडं, आणि मी लोकर घेऊन बसते किंवा ओव्हन लावते, ओव्हन लावला की घर गरम होतं हे एक निमित्त. मला हे फार आवडतंय मनू, ते आधी सांगून टाकते. इतकं आवडेल असं वाटलं नव्हतं.

आता आजीचं. तू तिला पाहिलंस ते सिडकोच्या फ्लॅटमधली, चष्म्याला दोरी लावलेली, तुझ्यासाठी बाहुलीचा स्वेटर विणणारी. मी पाहिली ती नाशिकरोडला, अप्पा प्रेसमध्ये होते तेव्हाच्या क्वार्टर्समधली. नाशिकची थंडी म्हणजे इथल्या मानाने काहीच नाही, निफाडचा पारा उतरला की पेपरात बातमी येते तेवढीच, पण आम्हाला ती खरी वाटायची कारण घरात हीटिंग नाही, फरशी गार, आणि सकाळची शाळा. स्वेटर लागायचाच. आणि विकतचा स्वेटर म्हणजे चैन. नेपाळी बायका रस्त्याच्या कडेला ढीग लावून बसायच्या त्याच्यासमोरून आजी आम्हाला हात धरून भराभर पुढे न्यायची.

नवीन लोकर दिवाळीनंतर एकदा यायची, बाकी सगळं जुन्यातून. अप्पांचा स्वेटर कोपरावर विरला की तो उसवायचा. हे काम मी आणि सुमा करायचो, एकीने ओढायचं आणि दुसरीने दोन्ही हात पुढे धरून उभं राहायचं, आजी त्या हातांभोवती लडी गुंडाळायची. उसवलेली लोकर नूडल्ससारखी वेडीवाकडी असते, ती तशीच विणली तर टाके एकसारखे येत नाहीत, म्हणून लडी चार ठिकाणी सैल बांधून कोमट पाण्यात बुडवायची, न पिळता दांडीवर टाकायची आणि खाली वजन म्हणून पिशवीत बांधलेला वरवंटा. दुसऱ्या दिवशी सरळ. मग तिच्यातून माझा स्वेटर, तो आखूड झाला की सुमाचा, आणि उरलेल्यातून कोणाच्या तरी बाळंतविड्यातले मोजे. अप्पांच्या त्या राखाडी लोकरीने आमच्या घरातल्या किती माणसांना ऊब दिली देव जाणे. मला राखाडी रंग अजून आवडत नाही, तू मला दिलेला तो महागाचा शाल-स्कार्फ मी का वापरत नाही ते आता कळलं असेल.

तर हे "करावं लागायचं" या बाजूचं झालं. अजून एक आहे, जे मी तुला कधी सांगितलं नाही. आजी लोकांचे स्वेटर मजुरीने विणायची. बायका लोकर आणून द्यायच्या, माप सांगायच्या, आणि ती विणून द्यायची, पैसे डब्यात. अप्पांना ते फारसं पसंत नव्हतं म्हणून संध्याकाळी ते यायच्या आत ते विणकाम ट्रंकेत जायचं आणि आमचं घरचं बाहेर यायचं. हातात सुया त्याच. आम्हा मुलींना ते माहीत होतं आणि आम्ही काही बोलायचो नाही. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही, आता साठी उलटल्यावर वाटतं की बाई दिवसभर विणायची आणि त्यातलं निम्मं लपवायची.

पण मग दुसरी बाजू पण आहे ना! दुपारी दोन ते चार ती कोणाची नव्हती. रेडिओ हळू आवाजात, दार अर्धं लोटलेलं, आणि मांडीवर पांढऱ्या क्रोशाच्या दोऱ्याचं काम. ते लोकांचं नाही, घरचं नाही, कोणाला लागणारंही नाही. एक मोठा गोल रुमाल होता, मधे फूल आणि बाहेर जाळी, तो ती वाढवत न्यायची आणि मधेच मनासारखं झालं नाही की सरळ चार ओळी उसवून टाकायची, तोंडाने काही न बोलता, उलट जरा खूश होऊनच. मजुरीच्या स्वेटरच्या ओळी तिने अशा मजेत उसवलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. आणि मी नोकरीला लागल्यावर तिला दुकानातलं मशीनचं कार्डिगन नेलं तर तिने ते अंगात घालायच्या आधी उलटं केलं, शिवणी बघितल्या, अंगठ्याच्या नखाने टाके मोजले आणि म्हणाली, "चांगलंय, पण हात नाहीये." आवड नसलेली बाई असं करेल का? मला वाटतं नाही. पण बघ, मला असं वाटायला हवंच आहे, म्हणून माझ्यावर पूर्ण विश्वास ठेवू नकोस.

संक्रांतीच्या हलव्याचं तर मला अजिबात ठरवता येत नाही. जानेवारी लागला की पहाटे अंधारात शेगडी, त्यावर राख घातलेले मंद निखारे, वर परात, परातीत मूठभर तीळ. साखरेचा पाक दूध घालून मळी काढून स्वच्छ केलेला, तो चमच्याने थेंब थेंब सोडायचा आणि बोटांनी तीळ गोल गोल फिरवत राहायचे. पाक वाळला की परत थोडा. घाई केली की गोळा होतो, आच वाढली की साखर पिवळी पडते, आणि आभाळ आलं तर काटाच येत नाही. दोन-तीन दिवस हे चालायचं, तेव्हा कुठे त्या तिळाला बारीक पांढरे काटे फुटायचे. तिच्या बोटांची टोकं लाल व्हायची आणि मग भाकरी थापताना हुळहुळायची. अप्पा म्हणायचे बाजारात रुपयाला मिळतो, कशाला करतेस. ती म्हणायची, बाजारच्याला काटा कुठे असतो. हा हट्ट होता का आवड होती का सासूचा धाक अंगात मुरलेला होता? पणजीचा धाक होताच, त्याबद्दल वाद नाही. पण पणजी गेल्यावरही तिने हलवा सोडला नाही.

नानकटाईचं बरं होतं, ते सगळ्यांच्या मजेचं. मैदा, पिठीसाखर, डालडा आणि वेलदोडा पिशवीत घालून बेकरीत जायचं, तिथे आपल्यासमोर मळून ट्रेवर लावायचे आणि भट्टीत घालायचे, आणि नंबर येईपर्यंत आम्ही त्या उबेला बसून राहायचो. घरी येताना पत्र्याचा डबा गरम, तो स्वेटरच्या आत पोटाशी धरायचा. मी इथे ओव्हन उघडला की तोच वास येतो असं मी सगळ्यांना सांगते, खरं म्हणजे येत नाही, डालड्याचा वास लोण्याला कसा येणार.

आपल्या शेजारच्या युक्रेनियन आजी आठवतात का, निळ्या दाराच्या? त्या इस्टरच्या आधीच्या थंडीत अंड्यांवर नक्षी काढतात, पिसांका. मी यंदा त्यांच्याकडे जाऊन बसते. छोट्या नळीतून मेणबत्तीवर वितळवलेलं मधमाशीचं मेण, त्याने अंड्यावर रेघ, मग पिवळ्या रंगात बुडव, परत रेघ, मग तांबड्यात, शेवटी काळ्यात, आणि सगळं झालं की ज्योतीच्या कडेला धरून मेण पुसून काढायचं, तेव्हा आतले रंग दिसतात. तोवर अंडं अगदी कुरूप काळं असतं. इथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर वेग्रेव्हिलला तर त्यांनी 1975 मध्ये अल्युमिनियमचं भलंमोठं पिसांका उभं केलंय, वाऱ्याने फिरतं सुद्धा, तुला लहानपणी दाखवलं होतं तेव्हा तू गाडीतून उतरायला तयार नव्हतीस. हलव्याच्या दाण्याचा असा पुतळा नाशिकरोडला कोणी बांधेल असं वाटत नाही. असो. त्यांच्या नातवंडांना पण हे येत नाही, त्या त्याबद्दल कुरकुर करतात आणि दुसऱ्या क्षणी म्हणतात, बरंच आहे, त्यांना वेळ कुठे आहे. मला त्यांचं ते दोन्ही पटतं.

माझ्यापुरतं सांगायचं तर मला आवडतं त्याचं कारण सरळ आहे, कोणी वाट बघत नाहीये. टोपडं झालं नाही तर बाळाला थंडी वाजणार नाही, तुझ्याकडे दुकानातली सहा पडली आहेत. पेन्शन येते, लोकर मी मऊ मेरिनो घेते, मशीनमध्ये धुता येणारी, रंग माझ्या मनाचा. सुया मात्र आजीच्या, तिच्या 10 नंबरच्या, म्हणजे इथल्या सव्वातीन मिलिमीटरच्या. आवडलं नाही की उसवते आणि कोणाला हिशेब द्यायचा नसतो. आजीचे दोन ते चार मला अख्खा दिवस मिळालेत. आणि इथेच मला अडकल्यासारखं होतं, कारण ती जे करायची त्यालाच मी "आपली पद्धत" म्हणून तुला फोटो पाठवते आणि त्यातलं ट्रंकेतलं विणकाम गाळून टाकते. तू बरोबर तिथेच बोट ठेवलंस. कुठून आलं हे तुझ्यात, बाबांकडून नक्की नाही.

तर तुझा दुसरा प्रश्न. नाही गं, यायलाच पाहिजे असं काही नाही. मला तुझ्या वयात येत होतं कारण हात पुढे धरून उभं राहायला लागायचं, तुला मी कधी उभं केलं नाही, तुला बर्फात खेळायचं होतं आणि मला ऑफिसातून येऊन स्वयंपाक करायचा होता. आता मी म्हणायचं की शीक, ते काही बरोबर नाही. शिकावंसं वाटलं तर व्हिडिओ कॉलवर दाखवीन, सुलट आणि उलट दोनच टाके आहेत, बाकी सगळं त्यांचीच उलटापालट. जावईबापूंना शिकायचं असेल तरी चालेल, मी थट्टा करत नाहीये, त्यांचा हात स्थिर आहे, केकवर आयसिंग किती छान केलं होतं.

बोरन्हाणाचं पण तसंच. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, नाही केलं तरी काही बिघडत नाही. मी हलव्याचे दागिने करतेय, मुकुट आणि बाजूबंद झाले, हार व्हायचाय, दोऱ्याच्या गाठीत एकेक दाणा अडकवायचा म्हणजे वेळ लागतो. इथल्या कोरड्या हवेत काटा मात्र झकास येतो, आजी असती तर तिला हेवा वाटला असता. ते मी पार्सलने पाठवते, घाला किंवा फोटो काढून ठेवून द्या. बाळाने तोंडात घालायचे नाहीत पण, कडक असतात. डोक्यावरून काय टाकायचं ते तुम्ही ठरवा, इथे ताजी बोरं मिळत नाहीत, शेंगा-उसाचे तुकडे मला पण नकोत, नुसते चुरमुरे टाकले तरी पोरं हसतात. काळं झबलं तुझ्याकडे आहे की मी शिवू? विचारतेय फक्त.

आणि आजीचं खरं उत्तर हवं असेल तर सुमामावशीला विचार. मी बारावीनंतर पुण्याला हॉस्टेलवर गेले, ती लग्न होईपर्यंत आजीशेजारी बसून विणत होती आणि तिला विणायचा कंटाळा होता, त्यामुळे ती गोड करून सांगणार नाही. तुझ्याकडचे सकाळचे आठ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेपाच, चहा झालेला असतो, तेव्हा फोन कर. काय म्हणाली ते मला कळव, वाईट असलं तरी.

बाळाच्या डोक्याचा घेर टेपने मोजून पाठव, कानाच्या वरून आणि भुवयांच्या वरून. मागच्या वेळी तू "नॉर्मल आहे" असं लिहिलं होतंस, त्याने टाके कसे घालू?

आई