जळगावला बी.एस्सी. गणित केलंय, आयटी कन्सल्टिंगमध्ये जाता येईल का?

हो, येईल, आणि त्यासाठी आधी एमसीए केलंच पाहिजे असं नाही. पुण्यात फ्रेशर्सचे इंटरव्ह्यू घेतो, त्यावरून सांगतो. विप्रोच्या विल्पसारख्या (नोकरीसोबत शिक्षण देणारी योजना) भरतीत गणिताचे बी.एस्सी. चालतात, नोकरी करता करता एम.टेक.ही होतं, फक्त काही वर्षांचा करार असतो, तो नीट वाचा. माझा नेहमीचा प्रश्न असा: रावेरच्या केळी व्यापाऱ्याकडे माहितीचे दोन तक्ते (टेबलं) आहेत, एक शेतकऱ्यांचा, एक त्यांच्या मालाच्या गाड्यांचा. जोडल्यावर ४० शेतकऱ्यांच्या ११० ओळी कशा झाल्या? एकाच शेतकऱ्याच्या अनेक गाड्या, म्हणजे शेतकऱ्याकडून गाडीकडे पाहिलं तर हे फंक्शन (एकाला एकच जोडी) नाही, नुसतं रिलेशन. गणितवाल्याला हे चटकन दिसतं, पण तेच एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, लिहिता यायला हवं. रोज बसलात तर दोन-तीन महिन्यांत जमेल, सोबत एक्सेल आणि थोडं पायथॉन. (बी.एस्सी.तलं रिअल ॲनालिसिस इंटरव्ह्यूत कोणी विचारत नाही, वाईट वाटून घेऊ नका.) मात्र थेट कन्सल्टंटचं पद क्वचितच मिळतं. सुरुवात बहुधा टेस्टिंग किंवा सपोर्टपासून होते, क्लायंटसमोर नंतर जाता येतं. तिथे आपला हिशोब इंग्रजीत समजावून सांगावा लागतो. जळगाव-धुळ्याच्या पोरांचं गाडं तिथंच अडतं, तो सराव आजपासून करा.